वर्ध्याचे खानखोजे, मेक्सिकोचे मास्तर

मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याची जुनी इमारत आहे. तिच्या भिंतींवर दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराची चित्रं आहेत. त्यातल्या एका चित्रात टेबलाशी बसून सगळ्यांसाठी भाकर मोडणारा माणूस दिसतो. तो आपल्या वर्ध्याचा, असं सांगतात! डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्गात हे नाव मी विचारून पाहिलं, दोघांनाच माहीत होतं. (गेल्या वर्षी मलाही नव्हतं.)

जन्म 1884 चा, शिक्षण वर्धा-नागपूरला. इंग्रजांना हाकलायचं तर बंदूक चालवता आली पाहिजे, एवढं एकच डोक्यात. विशीच्या आसपास घर सोडलं. जपानमार्गे अमेरिकेत पोचले, मिळेल ते काम करून शिकले. आधी मिलिटरी अकॅडमी, मग शेतीशास्त्र. 1913 मध्ये गदर पार्टी उभी राहिली, तिच्या पहिल्या फळीत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी लढले, पकडले गेले, निसटले. पुढे बर्लिन, 1921 मध्ये मॉस्को. घरी परतायची सोय नव्हती. 1924 मध्ये ते मेक्सिकोला गेले.

तिथली परिस्थिती समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. मैलोन् मैल जमीन एकेका जमीनदाराची, त्याला तिकडे हासिएन्दा म्हणतात. राबणारा मात्र पिढ्यान् पिढ्या कर्जात. 1910 मध्ये क्रांती पेटली. 1917 च्या राज्यघटनेने जमीनवाटपाचा रस्ता उघडला, पण त्यासाठी लढणारा झापाता 1919 मध्ये दगा देऊन मारला गेला. हे वाचताना मला आपला भंडारा आठवला. इथेही मालगुजार होते. 1950 च्या कायद्याने ती पद्धत गेली, तरी तलावांना आपण अजून माजी मालगुजारीच म्हणतो!

चापिंगोची शेतकी शाळासुद्धा एका जुन्या हासिएन्दातच भरत होती. खानखोजे तिथे प्राध्यापक झाले. मक्याच्या नव्या वाणांवरची त्यांची पुस्तिका 1930 मध्ये निघाली. पण मला जास्त भावलं ते दुसरंच काम. नुसती जमीन मिळून काय होणार, बियाणं कोण देणार, माहिती कोण सांगणार? म्हणून त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेती शाळा काढल्या. तीना मोदोत्ती या नावाजलेल्या फोटोग्राफर बाईंनी त्यांच्या कामाचे फोटो काढले.

माझा रूममेट म्हणतो, की निघाला लढायला आणि बसला मका पेरत, म्हणजे हरलाच ना! यावर आमचं मेसच्या रांगेत चांगलंच वाजलं. आमच्या घरी धान आहे. मी शेतात उतरू नये म्हणूनच बाबांनी मला कॉन्व्हेंटला घातलं. त्यामुळे बंदूक शिकायला गेलेला माणूस चिखलात उतरतो हे मला हरणं वाटत नाही. रूममेटला अजून पटलेलं नाही.

1936 मध्ये त्यांनी जान या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. देश स्वतंत्र झाला तेव्हा साठी उलटली होती. पुढे ते नागपूरला येऊन राहिले. 22 जानेवारी 1967 ला तिथेच गेले. इथून नागपूर साठ किलोमीटर, दर शनिवारी आपली अर्धी हॉस्टेल तिकडेच पळते.

2022 मध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला. चापिंगोला.