चक्रधरस्वामी

चक्रधरस्वामी (तेरावे शतक) हे महानुभाव पंथाचे संस्थापक होत. पंथीय परंपरेनुसार ते गुजरातेतील भडोच येथील प्रधान विशाळदेव यांचे पुत्र हरपाळदेव. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून त्यांनी घर सोडले. ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंचे शिष्यत्व पत्करल्यावर त्यांनी दीर्घकाळ एकाकी भ्रमण केले. पुढे पैठण व गोदातीराच्या परिसरात त्यांच्याभोवती नागदेवाचार्य, महदाइसा आदी अनुयायी जमले. स्त्रियांना व शूद्रांना त्यांनी संन्यासमार्ग खुला केला आणि उपदेश मराठीत केला.

राजांची नावे शिळेवर कोरली जात. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ (इ.स. १०६०) च्या लेखात शिलाहार राजा मांबाणीचा उल्लेख आहे. भटक्या संन्याशाच्या वाट्याला असा लेख सहसा येत नाही. त्यामुळे चक्रधरांच्या ऐतिहासिकतेचा मुख्य आधार 'लीळाचरित्र' हाच ठरतो. त्यांच्या प्रयाणानंतर काही वर्षांतच, सुमारे शके १२०० (इ.स. १२७८) च्या सुमारास, म्हाइंभटांनी तो रचला. प्रत्यक्ष सहवास लाभलेल्यांना गाठून त्यांनी आठवणी मिळवल्या व नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या.

ग्रंथ भक्ताचा आहे, हे विसरता येत नाही. त्यात चमत्कार आहेत. परंतु जेवणखाण, आजारपण, शिष्यांचे रुसवेफुगवे असे निव्वळ महिमा वाढवण्यास निरुपयोगी तपशीलही त्यात विपुल आहेत आणि तेच अधिक विश्वसनीय वाटतात. कान्हरदेव, महादेव, रामदेव हे यादव राजे व मंत्री हेमाद्री यांचे अस्तित्व पंथाबाहेरील साधनांनीही सिद्ध होते. 'स्थानपोथी'त नोंदलेली अनेक गावे आजही दाखवता येतात.

मोठी अडचण पाठाची आहे. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली व ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध करण्यात आला, असे परंपरा सांगते. साहजिकच पाठभेद वाढले. मात्र नकलाकारांनी ते दडवले नाहीत. कोणाच्या मते कोणता पाठ, हे ठिकठिकाणी नोंदवले. पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत असल्याने त्या शतकानुशतके पंथाबाहेर वाचल्या गेल्या नाहीत. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांनी लिपीची उकल केली, तर ह. ना. नेने, वि. भि. कोलते आदींनी संपादने सिद्ध केली.

सर्वाधिक वाद शेवटाविषयी आहे. शके ११९६ (इ.स. १२७४) च्या सुमारास स्वामी उत्तरापंथे गेले, अशी पंथीयांची श्रद्धा आहे, यादव दरबारातील विरोधकांनी त्यांची हत्या करविली, असे कोलते यांच्यासह काही अभ्यासक मानतात. दोन्ही पक्ष आधार घेतात तो त्याच ग्रंथाच्या निरनिराळ्या पाठांचा.