‘मंगल’ अक्षरांचे शिल्पकार
सीताबर्डीत संगणक घेताना ग्राहक प्रोसेसर, ब्राऊझरवर हिरीरीने मते मांडतात, विंडोजची थट्टाही करतात. पडद्यावरील मराठी अक्षर कोणी घडविले, हे मात्र क्वचितच विचारतात. ते ऋण सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी यांचे. १९३६मध्ये जन्मलेले जोशी जाहिरात क्षेत्रातील दीर्घ कारकिर्दीनंतर १९८३मध्ये पवईच्या आयआयटीत अध्यापनाकडे वळले. बोरूचे वळण जाणणाऱ्या या कलावंताने ‘मंगल’ फाँट साकारला. पूर्वी एका संगणकावरील मराठी मजकूर दुसऱ्यावर अनेकदा निरर्थक चिन्हांत उमटे. ‘विंडोज २०००’सोबत आलेल्या, युनिकोडवर आधारित ‘मंगल’मुळे ही अडचण ओसरू लागली. फेब्रुवारी २००८मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले.