टेफ्लॉनवाल्याचा रूम पार्टनर

तुमच्या रूमवर नॉन-स्टिक तवा असेलच. त्यावरचं टेफ्लॉन रॉय प्लंकेटला १९३८ मध्ये अपघातानं सापडलं, हेही तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. पण त्याचा रूम पार्टनर कोण होता, माहितीये? पॉल फ्लोरी. दोघंही अमेरिकेतल्या मँचेस्टर नावाच्या छोट्या कॉलेजचे, काही काळ एकाच खोलीत राहिलेले.

फ्लोरी १९१० चा. वडील धर्मोपदेशक, आई आधी शिक्षिका. कॉलेजातल्या कार्ल होल सरांनी केमिस्ट्रीची गोडी लावली. १९३४ मध्ये पीएच.डी. झाली आणि ऐन मंदीत ड्यूपॉन्टमध्ये नोकरी लागली, तीही नायलॉनवाल्या कॅरोथर्सच्या हाताखाली. १९३७ मध्ये कॅरोथर्सनं आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी फ्लोरीनं कंपनी सोडली.

आता त्याचं मोठं काम. तूर आणि सोयाबीनचे दाणे कालवा, चटकन मिसळतात. पण तेच दाणे हजार-हजारांच्या माळांत ओवले तर? एक दाणा हलायचा म्हटलं की शेजारचा अडवतो. पॉलिमर म्हणजे रेणूंच्या अशा माळा. आपल्या यवतमाळच्या कापसातलं सेल्युलोजसुद्धा. मांडणीच्या शक्यताच आटतात, म्हणून बहुतेक प्लास्टिकं एकत्र वितळवली तरी वेगळीच राहतात. एकमेकांची खास ओढ असेल तरच जमतं. याचं गणित १९४१-४२ च्या सुमारास फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी स्वतंत्रपणे मांडलं. (मी मास कॉमवाली, मला हे समजायला तीन दिवस लागले.)

टेफ्लॉनच्या घराण्यातल्या पीव्हीडीएफला अशी ओढ आहे, अॅक्रिलिकची. वितळल्यावर दोघं एकजीव होतात. थंड होताना मात्र अॅक्रिलिक मध्ये मध्ये येतं, त्यामुळे पीव्हीडीएफचे स्फटिक सावकाश बनतात आणि पुन्हा तापवलं की थोड्या कमी तापमानालाच वितळतात. किती कमी, यावरून ओढ किती हे १९७५ मध्ये निशी आणि वँग यांनी काढलं, फ्लोरीच्याच विचारांचा आधार घेऊन. मोठ्या इमारतींच्या पत्र्यावरचा उन्हात न विटणारा रंग याच जोडीचा, साधारण ७०-३०.

त्याआधी पिट्सबर्गच्या मेलन संस्थेत रिसर्चला हवा तसा पाठिंबा मिळेना, म्हणून फ्लोरीनं तिथलं मोठं पद सोडलं आणि १९६१ मध्ये स्टॅनफर्ड गाठलं. १९७४ ला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. मग ते नाव त्यानं सोव्हिएत युनियनमध्ये छळ सोसणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी खर्ची घातलं. ९ सप्टेंबर १९८५ ला तो गेला, तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता.