सरफोजी राजे आणि डोळ्यांची फाईल

डोळे तपासायला गेलात की हल्ली डॉक्टरांच्या खोलीत शिरायच्या आधीच तीन-चार यंत्रांसमोर बसावे लागते. एका यंत्रात लांब रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा दिसतो. त्यातून चष्म्याचा अंदाजे नंबर निघतो. दुसरे डोळ्यावर हवेची फुंकर मारते आणि तुम्ही दचकता. ते डोळ्यातला दाब मोजते. मग बाहुली मोठी करणारे थेंब, अर्धा तास डोळे मिटून बसणे, पडद्याचा फोटो, गरज असेल तर ओसीटी. शेवटी हातात दोन-तीन रंगीत कागद मिळतात.

हे कागद पुढे कुठे जातात? माझ्या रुग्णांचा अनुभव सांगायचा तर टीव्हीखालच्या खणात, आणि पुढच्या वेळी हवे असतात तेव्हा सापडत नाहीत. म्हणून आज एका मराठी राजाबद्दल लिहितो आहे. त्याच्याकडे यांपैकी एकही यंत्र नव्हते. कागद मात्र होते, आणि ते अजून आहेत.

तंजावरचा राजा

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तमिळ प्रदेशात तंजावरला मराठ्यांचे राज्य उभे केले. त्याच घराण्यात दुसरे सरफोजी राजे भोसले झाले. त्यांचा जन्म 1777 चा. राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता, म्हणून त्यांनी भोसले कुळातल्या या मुलाला दत्तक घेतले आणि 1787 मध्ये त्यांचे निधन झाले. मुलगा दहा वर्षांचा. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर बसले, दत्तक विधानावर वाद झाला आणि मुलाचे हाल सुरू झाले. त्याच्या पाठीशी उभे राहिले श्वार्ट्झ नावाचे जर्मन मिशनरी. त्यांच्या खटपटीने मुलाला मद्रासला हलवण्यात आले, आणि तिथे त्याचे शिक्षण झाले. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत या भाषांबरोबर इंग्रजी आणि आणखी काही युरोपीय भाषांशीही त्याची ओळख झाली.

1798 मध्ये सरफोजींना गादी मिळाली. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने तहावर सही घेतली आणि राज्यकारभार स्वतःकडे घेतला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, ठरलेला तनखा आणि महसुलातला पाचवा हिस्सा. फौज नाही, वसुली नाही, न्यायनिवाडा नाही. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी असे रिकामपण वाट्याला आलेले दुसरे संस्थानिक शिकारीत आणि नाचगाण्यात रमले. यांनी ग्रंथ जमवले. काशीयात्रेला गेले तेव्हाही हस्तलिखिते गोळा करत आले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाला आजचे वैभव आले ते त्यांच्यामुळे. देवनागरी छापखाना काढला. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. या प्रत्येकावर वेगळा लेख होईल, पण आपला विषय डोळ्यांचा आहे.

धन्वंतरी महाल

राजांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था काढली. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा सगळ्या पद्धतींचे जाणकार एकत्र काम करत. औषधे तयार होत, रुग्णांना देऊन पाहिली जात, आणि गुण आला की नाही हे लिहून ठेवले जाई. गुण आलेल्या औषधांची माहिती पुढे तमिळ पद्यात बांधून घेतली. त्या ग्रंथमालेत डोळ्यांच्या रोगांवरही एक भाग आहे.

आणि मग ते कागद. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे, इंग्रजीत, प्रत्येक रुग्णाची वेगळी. त्यांत रुग्णाची तक्रार, केलेले उपचार आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची हकीकत आहे. सोबत चित्रकाराकडून काढून घेतलेली रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. कॅमेरा यायच्या आधीचा हा काळ. काही शस्त्रक्रिया राजांनी स्वतः केल्या असे मानले जाते, आणि हत्यारांची पेटी ते नेहमी बरोबर बाळगत असेही सांगतात. मला विचाराल तर चाकू कोणाच्या हातात होता यापेक्षा डोळ्याचे चित्र काढून घ्यावे हे कोणाला सुचले, याचे मोल जास्त आहे.

त्या काळी मोतीबिंदू काढणे म्हणजे काय होते, हे जरा समजून घ्या. जुनी पद्धत होती ती सुईने गढूळ भिंग आत मागे ढकलून देण्याची. आपल्याकडे सुश्रुतापासून तिचे वर्णन आहे. भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समध्ये दाव्हिएल यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात रूढ केली. दोन्हींत रुग्ण पूर्ण जागा. डोळा बधिर करायला कोकेनचे थेंब वापरता येतात हे 1884 मध्ये कळले. जंतूंची कल्पनाच नव्हती, त्यामुळे शस्त्रक्रिया उत्तम होऊनही डोळा पिकून जाऊ शके. काढलेल्या भिंगाच्या जागी काहीच बसवत नसत. कृत्रिम भिंग लंडनच्या रिडली यांनी 1949 मध्ये पहिल्यांदा बसवले. तुमच्या आजोबांचा सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारखा चष्मा आठवत असेल, तो त्या रिकाम्या जागेमुळे. आज दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात, घडी घातलेले नवे भिंग आत सोडतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

पण सगळ्यात मोठी अडचण शस्त्रक्रियेच्या आधीची होती. सरफोजी राजे 7 मार्च 1832 रोजी वारले. जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पाहता येईल असे उपकरण हेल्महोल्ट्झ यांनी जाहीर केले 1851 मध्ये. म्हणजे बाहुली स्वच्छ आहे आणि तरी माणूस आंधळा आहे, असा रुग्ण समोर आला की राजांचे वैद्य आणि लंडनचे डॉक्टर सारखेच हतबल. ज्या आजारांनी पडदा किंवा दृष्टीची नस खराब होते, मधुमेहाचे डोळे, काचबिंदू, ते सगळे त्या काळ्या बाहुलीमागे दडलेले होते. चित्रकार फक्त पुढचा भाग रंगवू शकत होता.

आज आपल्याला तो मागचा भाग दिसतो. स्लिट लॅम्पखाली भिंग, फंडस कॅमेऱ्यात पडदा आणि रक्तवाहिन्या, ओसीटीत पडद्याचे एकेक पापुद्रे, मायक्रॉनमध्ये मोजलेले. पण एकट्या फोटोतून अर्धीच गोष्ट कळते. काचबिंदूत नसेचा थर पातळ होतो, आणि काही माणसांचा तो मुळातच पातळ असतो. तो झिजतो आहे की जन्मापासून तसाच आहे, हे ठरवायला बऱ्याचदा मागचा कागद लागतो.

नेरूळचे एक गृहस्थ माझ्याकडे मधुमेहासाठी येतात. काचबिंदूचा संशय म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांची ओसीटी आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली होती. घर बदलताना फाईल गेली, मोबाईल बदलताना फोटो गेले, आणि जिथे तपासले तो दवाखाना बंद झाला. या वर्षी नेत्रतज्ज्ञांनी पुन्हा सगळे केले. नस थोडी पातळ आहे. तीन वर्षांत झिजली, की होती तशीच आहे? आता सहा महिन्यांनी पुन्हा तपासून तुलना करायची. तोवर थेंब सुरू करायचे की थांबायचे, हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, म्हणून थेंब सुरू केले.

प्रौढ वयात मधुमेह निघाला असेल तर निदान झाल्याबरोबर पडद्याची तपासणी करा, आणि नंतर साधारण दर वर्षी, नजर चांगली असली तरीही. पहिल्या फोटोची प्रत मागून घ्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर बसवलेल्या भिंगाच्या पॉवरचे कार्ड मिळते. ते आधार कार्डाबरोबर ठेवा. काचबिंदूच्या रुग्णांनी डोळ्यातल्या दाबाचे आकडे तारखेसह एका वहीत लिहावेत. अचानक नजर कमी झाली, समोर पडदा सरकल्यासारखे वाटले किंवा डोळा लाल होऊन खूप दुखू लागला, तर मात्र फाईल शोधत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

राजांनंतर त्यांचे पुत्र शिवाजी गादीवर आले. 1855 मध्ये ते पुत्राविना वारले आणि कंपनीने तंजावर खालसा केले. राज्य गेले, ग्रंथालय राहिले. 2003 मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. बद्रिनाथ यांची भोसल्यांच्या वंशजांशी भेट झाली, तेव्हा या टिपणांचा विषय निघाला, आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या रुग्णांचे कागद पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी वाचले.