केटी लागलेल्या पोराची लोटस

शेवटच्या वर्षी गणितात केटी लागली की घरी काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. १९४८ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग करणाऱ्या कॉलिन चॅपमनचं नेमकं हेच झालं. पुढे फॉर्म्युला वनला नवं वळण देणारा हाच तो.

त्याचा जीव अभ्यासापेक्षा गाड्यांत. कॉलेज करता करता मित्रासोबत सेकंडहँड गाड्या घ्यायच्या-विकायच्या, असा जोडधंदा होता. युद्धानंतर तिथे पेट्रोल रेशनवर मिळायचं. १९४७ मध्ये सरकारने खाजगी गाड्यांचं नेहमीचं रेशनच बंद केलं आणि गिऱ्हाईक पळालं. कमावलेलं सगळं गेलं. उरली एक जुनाट ऑस्टिन सेव्हन, जी कुणीच घेईना.

दुसरा कुणी असता तर भंगारात घालून मोकळा झाला असता. कॉलिनने ती गर्लफ्रेंड हेझलच्या घरामागच्या गॅरेजमध्ये नेली. वरची बॉडी काढून टाकली, चासी आणि इंजिन ठेवलं. कॉलेजच्या हवाई पथकात तो विमान चालवायला शिकला होता, ते डोकं इथे लावलं. अॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडची नवी बॉडी केली. हलकी, पण भक्कम. हेझल मदतीला होतीच. ही पहिली लोटस चिखल आणि चढाच्या स्पर्धांमध्ये धावली.

मोठं इंजिन परवडत नाही ना? मग वजन कमी करा. कडकीतून सुचलेलं हे सूत्र त्याने आयुष्यभर सोडलं नाही. १९५२ मध्ये हेझलकडून २५ पौंड उसने घेऊन त्याने लोटस कंपनी काढली. गाडीचं किट विकायचं आणि गिऱ्हाइकाने ते घरी जोडायचं, म्हणजे टॅक्सही वाचायचा! १९६२ मध्ये त्याने फॉर्म्युला वनमध्ये सांगाडा आणि बॉडी एकच असलेली मोनोकॉक कार आणली. पुढच्याच वर्षी तिच्यावर जिम क्लार्क विश्वविजेता झाला. कॉलिनच्या हयातीत लोटसने टीम म्हणून सात जगज्जेतेपदं मिळवली.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. वजनासाठी तो ड्रायव्हरच्या जिवाशी खेळतो, अशी टीका सतत व्हायची. १९७० मध्ये मोंझाला सरावात योखेन रिंट लोटसमध्येच गेला आणि त्या वर्षीचा विश्वविजेता मरणोत्तर ठरला. शेवटी शेवटी डेलोरियन कंपनीच्या पैशांच्या प्रकरणात कॉलिनचंही नाव आलं. १९८२ च्या डिसेंबरमध्ये हार्ट अटॅकने तो गेला, तेव्हा ५४ वर्षांचा होता.

आणि केटीचं काय? पुन्हा बसून त्याने ती सोडवली!

आज तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बाहा किंवा सुप्राची गाडी बनत असेल, तर रात्री-अपरात्री वजनावरून भांडणं होतच असतील. ग्रॅम ग्रॅम जरूर वाचवा. फक्त आत आपलाच मित्र बसणार आहे, हे विसरू नका.