श्वासाचा हिशेब

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. मी रसायनशास्त्रज्ञावर का लिहावे, असे कोणी विचारील. पण आन्त्वान लाव्हाझिए याची पदवीसुद्धा कायद्याचीच होती!

२६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये एका वकिलाच्या घरी त्याचा जन्म झाला. तो कायदा शिकला, पण त्याचे मन रमले प्रयोगशाळेत. १७६८ साली तो विज्ञान अकादमीवर निवडून आला. त्याच वर्षी राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत त्याने भागीदारी घेतली. १७७१ मध्ये त्याचे मारी-आनशी लग्न झाले. ती इंग्रजी शिकली, त्याच्यासाठी भाषांतरे करू लागली आणि प्रयोगांची चित्रेही काढू लागली.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए व लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवला. त्याच्या उष्णतेने किती बर्फ वितळला आणि त्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे मोजून त्यांनी जळत्या कोळशाशी ताडून पाहिले. श्वसन हे एक सावकाश ज्वलनच आहे, असा निष्कर्ष निघाला.

पुढे सेगँ या सहकाऱ्याने स्वतःच तोंडाला मुखवटा लावला व त्याच्या श्वासाचे मोजमाप झाले. पायाने यंत्र दाबण्याचे श्रम करताना त्याला विश्रांतीच्या दुपटीहून अधिक प्राणवायू लागला. या प्रयोगाच्या चित्रात मारी-आनने टिपणे घेणारी स्वतःही रेखाटली आहे.

यावरून लाव्हाझिएला प्रश्न पडला : कष्टकरी माणूस शरीर जास्त जाळतो, मग त्याच्याच ताटात कमी का?

हे वाचताना मी थबकले. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. पण ज्या पैशावर ही प्रयोगशाळा चालली, त्यात गरिबांच्या मिठावरचा करही होता. हा हिशेब मात्र त्याने मांडला नाही. राज्यक्रांतीने तो मांडला. ८ मे १७९४ रोजी सासरे व इतर भागीदारांसह त्याचा शिरच्छेद झाला. तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता.

त्याची वाट पुढे चालू राहिली. १९७१ मध्ये लायनस पॉलिंगने श्वासात सुमारे २५० पदार्थ असल्याचे दाखवले. आज जठरातील हेलिकोबॅक्टर जंतू श्वासाच्या तपासणीने ओळखतात. भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडवर डॉक्टर सतत नजर ठेवतात.

श्वासावरून रोग ओळखता येऊ लागला. ताटाचा प्रश्न मात्र यंत्राला सुटणारा नाही. तो आपण कलाशाखेवाल्यांनीही अभ्यासाला घ्यावा, असे मला वाटते.