सुरतेच्या डॉक्टरीणबाई

मैत्रिणींनो, आपल्या साक्रीवरून सुरतेकडे जाणारा हायवे आपण रोजच बघतो. त्याच सुरतेत सव्वाशे वर्षांपूर्वी एक मराठी डॉक्टरीणबाई बायकांचा दवाखाना सांभाळत होत्या. त्या डॉ. रखमाबाई.

२२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न लागलं, पण त्या माहेरीच राहिल्या, शिकत राहिल्या. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी यांनी, बायकोने नांदायला यावं म्हणून कोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये हुकूम झाला, सासरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी ठेवली! शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची पाठीशी उभ्या राहिल्या. मदत जमली आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या नि १८९५ पासून सुरतेत रुजू झाल्या.

दवाखाना होता, औषधं होती, पण बाळंतीण काही येईना. दवाखान्याची भीती, घरात पडदा, वर मोठ्यांची परवानगी! असं सांगतात, की रखमाबाईंनी मग एक गाभण शेळी दवाखान्यात आणून तिचं बाळंतपण केलं. शेळी सुखरूप सुटली हे पाहून बायकांना धीर आला. पुढे १९१८ ते १९२९ त्यांनी राजकोटला बायकांच्याच दवाखान्यात सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या गेल्या.

दवाखाना चांगला की वाईट, हे आपण इमारत नि मशीन बघून ठरवतो. पण गरजू बाई तिथवर पोचली का, हे कोण मोजतं? आजही आपल्या तालुक्यातल्या पाड्यांवर कुणाची तपासणी गाडीभाड्यापायी राहते, कुणाची बुडणाऱ्या मजुरीपायी, तर कुणाच्या घरी लेकरं सांभाळायला माणूस नसतं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत होतं, १०२ वर फोन केला तर गाडीही मिळते. हे शेजारच्या गरोदर सुनेला सांगाच, पण आधी तिच्या सासूबाईंना सांगा. आणि तिच्याबरोबर जायला कुणी नसेल, तर आपणच एक दिवस काढू या ना!